एका रंगांतून दुसऱ्या रंगांत

छापण्याच्या यंत्राला मुळांत दोनच गोष्टी कळतात : शाई आणि कोरा कागद. जेथें शाई लागली तेथें रंग, जेथें लागली नाहीं तेथें पांढरें. ह्या दोहोंच्या मधली तिसरी स्थिति त्याच्या ठिकाणीं नाहीं. चित्रकाराचें तसें नसतें. ओल्या कागदावर निळ्या रंगाचा एक हात फिरवून खालून त्याला गुलाबी भिडवला कीं दोन्ही रंग आपोआप एकमेकांत विरतात, आणि निळा कोठें संपला व गुलाबी कोठें सुरू झाला हें खुद्द चित्रकारालाहि सांगतां येत नाहीं. संध्याकाळच्या आकाशांत तरी ती सीमा कोणाला दाखवतां येते? परंतु तेंच आकाश हजार प्रतींत छापावयाचें म्हटलें कीं अडचण उभी राहते. गेल्या चार शतकांत ह्या अडचणीवर जे जे उपाय निघाले, त्यांतला आजपर्यंतचा शेवटचा उपाय संगणकावर रेखाचित्रें काढण्याच्या आज्ञावलींत सांपडतो. तेथें 'ग्रेडियंट' नांवाचें एक साधन असतें. दोन रंग सांगावे, एक रेघ ओढावी, आणि क्षणार्धांत एक रंग दुसऱ्यांत उतरत गेलेला पाहावा. शाळकरी मूलहि आज तें वापरतें. तें इतकें सोपें झालें कसें, आणि सोपें झाल्यावरहि त्यांत काय उणें राहिलें, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

कालानुक्रमानें युरोपांतील प्रयत्न आधींचे असले तरी आरंभ जपानापासून करणें बरें. कारण हाताच्या कौशल्यानें ही अडचण जितकी सुंदर रीतीनें सुटणें शक्य होतें तितकी ती तेथें सुटली. जपानी लोक ह्या कृतीला 'बोकाशी' म्हणतात. हिरोशिगे ह्या चित्रकारानें १८३३-३४ च्या सुमारास तोकाइदो ह्या राजमार्गावरील मुक्कामांची जी प्रसिद्ध चित्रमाला काढली, तिच्यांतील आकाशें व जलाशय ह्याच कृतीनें छापलेले आहेत. चित्र लांकडी ठोकळ्यांवर कोरलेलें असे, प्रत्येक रंगाला निराळा ठोकळा. ठोकळ्याचा जो भाग विरता हवा असे तो छापणारा कारागीर आधीं ओल्या फडक्यानें पुसून घेई. मग रुंद कुंचल्याच्या एकाच कडेला रंग घेऊन तो कुंचला त्या ओलाव्यावरून आडवा फिरवी. रंगाच्या बाजूला गडद, पाण्याच्या बाजूला फिका, असा उतार लांकडावरच तयार होई. त्यावर कागद ठेवून, बांबूच्या पापुद्र्यानें मढवलेल्या चकतीनें तो पाठीमागून घांसला कीं चित्राच्या माथ्यावर गडद निळा पट्टा उमटे आणि खालीं येतां येतां तो कागदाच्या शुभ्रतेंत नाहींसा होई.

हें काम प्रत्येक प्रतीला पुन्हा नव्यानें करावें लागे, ही गोष्ट विसरतां कामा नये. चित्रावर चित्रकाराचें नांव असे, प्रकाशकाचा शिक्का असे. छापणाऱ्याचें नांव मात्र क्वचितच दिसे. वास्तविक आकाशाचा सारा थाट त्याच्या मनगटांत होता. हिरोशिगेनें आयुष्याच्या अखेरीस, १८५६ ते १८५८ च्या दरम्यान, एदो शहराच्या दृश्यांची जी मोठी माला काढली, तिच्या पहिल्या प्रती आणि मागाहून घाईनें काढलेल्या प्रती शेजारीं ठेवल्या तर ह्या मनगटाची किंमत कळते. मागच्या प्रतींत हा उतार कित्येक ठिकाणीं गाळलेला आहे. ठोकळे तेच, रेषा त्याच. पण आकाश सपाट झालेलें आहे. वेळ वांचवावयाचा झाला कीं पहिली काटछाट ह्या विरत्या रंगाचीच होते, हें पुढें संगणकाच्या काळांतहि दिसून येईल.

युरोपांतील कारागिरांनीं वाट निराळी धरली. लुडविग फोन सीगन ह्यानें १६४२ सालीं ज्या पद्धतीचा पाया घातला ती मेझोटिंटची पद्धति. तिच्या परिणत रूपांत तांब्याचा सगळा पत्रा दात्यांच्या हत्यारानें खरबरीत करीत, आणि जेथें उजेड हवा तेथें तो घांसून गुळगुळीत करीत. जितकें घांसावें तितकी शाई कमी धरली जाई. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस झेनेफेल्डरनें शिळाछापाची युक्ति काढली आणि एकोणिसाव्या शतकांत रंगीत शिळाछाप जगभर पसरला. १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या व नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या राजा रविवर्मा ह्यांच्या छापखान्यानें लक्ष्मी-सरस्वतींचीं जीं चित्रें महाराष्ट्राच्या घरोघरीं नेलीं, तीं ह्याच पद्धतीचीं. जुन्या घरांतील असें एखादें चित्र भिंगाखालीं धरावें. लक्ष्मीच्या गालावरची लाली म्हणजे तांबड्या ठिपक्यांचा एक थवा आहे, गालाच्या मध्यावर दाट आणि कडेकडेला विरळ, असें आढळतें. रंग विरलेला नाहींच; विरल्याचा भास आहे. ते ठिपके दगडावर कारागिरांनीं एकेक करून दिलेले असत. दादासाहेब फाळके ह्यांनींहि चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं ह्या छापखान्यासाठीं फोटो-लिथोचें काम केलें होतें. शाईच्या ठिपक्यांनीं डोळ्यांस फसवण्याची विद्या त्यांस चांगली अवगत होती.

हातानें ठिपके देण्याचें हें कष्टाचें काम १८८० नंतरच्या दशकांत जाळीकडे गेलें. म्यूनिकचा माइसेनबाख आणि अमेरिकेंतला फ्रेडरिक आइव्ह्ज ह्यांनीं छायाचित्र बारीक जाळीमधून पुन्हा टिपण्याची रीत रूढ केली. छायाचित्रांत जेथें गडद तेथें ठिपका मोठा, जेथें फिकें तेथें लहान. ठिपक्यांमधलें अंतर मात्र सर्वत्र सारखें. हाच तो हाफटोन ब्लॉक. वृत्तपत्रांत छायाचित्रें आलीं तीं ह्याच्या आधारानें, आणि आजहि छापलेलें बहुतेक प्रत्येक चित्र जाळीच्या ठिपक्यांचेंच असतें. म्हणजे शाई आणि कोरा कागद ह्या दोहोंवरच भागवण्याची यंत्राची मूळ अट कोणीं मोडली नाहीं. तिच्यांतून वाट तेवढी काढली.

आतां संगणकाकडे वळावें. संगणकावर चित्र दोन प्रकारांनीं ठेवतां येतें. एक प्रकार जाळीसारखाच : सारें चित्र चौकोनी ठिपक्यांत वांटून प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवणें. दुसऱ्या प्रकारांत चित्र म्हणजे ठिपक्यांची रास नसून सूचनांची यादी असते. अमुक बिंदूपासून निघ, तमुक बिंदूपर्यंत असें वळण घे, आकृति बंद कर, आंत तांबडा रंग भर. ह्यालाच व्हेक्टर चित्र म्हणतात. त्याचा गुण असा कीं तें टपाल तिकिटाएवढें छापा किंवा इमारतीएवढें छापा, रेषा तितकीच स्वच्छ राहते. आयव्हन सदरलंड ह्यांनीं १९६३ सालीं अमेरिकेंत 'स्केचपॅड' रचून पडद्यावर अशा सूचनांनीं रेखाटन करून दाखविलें. वळणांचें गणित मात्र मोटारींच्या कारखान्यांतून आलें. सित्रोएन कंपनींत पॉल द कास्तेल्जो ह्यांनीं तें १९५९ सालीं सिद्ध केलें होतें. पण कंपनीनें तें गुप्त ठेवलें. रेनो कंपनीच्या पिएर बेझिए ह्यांनीं स्वतंत्रपणें तशीच पद्धति काढून प्रसिद्ध केली, आणि नांव त्यांचें झालें. मोटारीच्या पत्र्याचा बांक बरोबर यावा म्हणून शोधलेली ही वक्ररेषा आज प्रत्येक छापील अक्षराच्या कडेला असते.

परंतु ह्या प्रकारांत एक मोठें दारिद्र्य होतें. बाह्यरेषा व तिच्या आंत एकच सपाट रंग, एवढीच त्याची मिळकत. सफरचंदाची कडा त्यांत सुरेख येई. सफरचंदाची गोलाई येत नसे.

जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की ह्यांनीं १९८२ च्या डिसेंबरांत अडोबी कंपनी काढली आणि १९८४ सालीं 'पोस्टस्क्रिप्ट' ही छापखान्याची भाषा बाहेर आणली. पान कसें दिसावें हें ह्या भाषेंत लिहून यंत्राकडे पाठवावयाचें आणि यंत्रानें तें आपल्या मगदुरानें छापावयाचें, अशी ती योजना. १९८५ सालीं निघालेलें ॲपल कंपनीचें लेझररायटर यंत्र ही भाषा समजत असे, पण त्याचा मगदूर बेताचाच होता. एका इंचांत ३०० बिंदु तें उमटवी. त्यांतून इंचाला ६० ओळींची जाळी करावयाची तर जाळीच्या एका घराला पांच आडवे व पांच उभे असे २५ बिंदु मिळत. म्हणजे कोऱ्या कागदापासून पूर्ण काळ्यापर्यंत अवघ्या २६ छटा. एवढ्यांत आकाश उतरवावयाचें म्हणजे सव्वीस पायऱ्यांचा जिनाच बांधण्यासारखें होतें.

वॉर्नॉक ह्यांच्या पत्नी मार्वा ह्या व्यवसायानें ग्राफिक डिझायनर होत्या. शाईच्या पेननें वळणें ओढण्यांत व तीं खोडण्यांत जाणारा त्यांचा वेळ पाहून वॉर्नॉक ह्यांस चित्रें काढण्याच्या आज्ञावलीची कल्पना सुचली असें सांगतात. १९८७ सालीं 'इलस्ट्रेटर' ह्या नांवानें ती विक्रीस आली. वेष्टनावर बोत्तिचेल्लीच्या व्हीनसचा मुखडा होता. चित्रकार पडद्यावर नुसत्या बाह्यरेषांवर काम करी. भरलेलें चित्र कसें दिसतें हें पाहण्यासाठीं निराळें दृश्य उघडावें लागे. पुढच्याच वर्षीं निघालेल्या आवृत्तींत एक नवें साधन आलें, त्याचें नांव 'ब्लेंड'. विरत्या रंगाच्या इतिहासांत ह्या साधनाचें महत्त्व फार आहे. त्याची चाल समजण्यास एक हापूस आंबा घेतला तर पुरे.

आंब्याची बाह्यरेषा काढून तींत गडद केशरी भरावा. मग तिच्या आंत, जेथें उजेड पडला आहे तेथें, एक लहानशी तशीच आकृति काढून तींत फिका पिवळा भरावा. नंतर आज्ञावलीला सांगावें, ह्या दोहोंच्या मध्यें साठ पायऱ्या घाल. ती मोठ्या आकृतीपासून लहान आकृतीपर्यंत साठ नव्या आकृति रचते. प्रत्येक आधींच्या आकृतीपेक्षां किंचित् लहान, किंचित् सरकलेली आणि किंचित् फिकी. एकावर एक रचलेल्या ह्या साठ सपाट आंब्यांतून एक गोल आंबा दिसूं लागतो. येथें रंगाबरोबर आकारहि बदलतो, हें ह्या युक्तीचें मर्म आहे. आकृतीच्या वळणाप्रमाणें उजेडहि वळतो. कांहीं चित्रकारांनीं शेंकडों ब्लेंड जोडून धातूचीं भांडीं, मोटारी, कांचेचे पेले असे कांहीं काढले कीं तीं छायाचित्रेंच वाटावीं. रविवर्म्यांच्या छापखान्यांतील ठिपके देणाऱ्या कारागिरांची चिकाटीच जणूं नव्या हत्यारानें परत आली.

त्याच वर्षीं, म्हणजे १९८८ सालीं, 'फ्रीहॅंड' ही प्रतिस्पर्धी आज्ञावली निघाली. तिनें सोपी वाट दिली. आकृतीला दोन रंग व एक दिशा सांगितली कीं ती आपण होऊन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, किंवा मध्यापासून सभोंवार, उतार भरून देई. १९८९ सालीं कॅनडांतून आलेल्या 'कोरल ड्रॉ'नेंहि असेंच साधन 'फाउंटन फिल' ह्या नांवानें दिलें. इलस्ट्रेटरमध्यें स्वतंत्र ग्रेडियंट आला तो १९९३ सालीं. ब्लेंड आणि ग्रेडियंट ह्यांत पुष्कळांचा घोटाळा होतो; फरक मात्र साधा आहे. ब्लेंडमध्यें आकृतींचें एक सबंध घराणें असतें आणि त्याचें वळण चित्रकार ठरवतो. ग्रेडियंट आकृतीच्या मागें ताणलेल्या एखाद्या रंगीत कापडासारखा असतो : आकृति कसलीहि असो, कापड सरळच. म्हणूनच ग्रेडियंटनें भिंत, आकाश, फलक हीं झट्दिशीं होतात. आंबा होत नाहीं. महाराष्ट्रांतल्या लग्नपत्रिकांच्या व फलकांच्या दुकानांत कोरल ड्रॉ आल्यावर भगव्यांतून पिवळ्यांत उतरणारी जी पार्श्वभूमि चौकाचौकांत दिसूं लागली, ती ह्या सोपेपणाचीच संतति. तिच्या अभिरुचीविषयीं न बोलणें बरें. पण हिरोशिगेच्या छापणाऱ्याला ज्याच्यासाठीं आयुष्य घालवावें लागलें तें दोन टिचक्यांत होऊं लागलें, हें नाकारतां येत नाहीं.

तथापि हे सर्व उतार छापखान्यांत गेले कीं एक जुनाच रोग उफाळे. पडद्यावर मऊ दिसलेलें आकाश कागदावर पट्ट्यापट्ट्यांचें होऊन येई. पहिल्या काळांतील पोस्टस्क्रिप्ट यंत्रें एका रंगाच्या साधारण २५६ छटाच धरीत. चांगल्या छपाईच्या यंत्रानें इंचांत २४०० बिंदु उमटवले आणि जाळी इंचाला १५० ओळींची घेतली, तर एका घराला सोळा गुणिले सोळा म्हणजे २५६ बिंदु मिळतात. तो हिशेब येथवर जमतो. पण समजा, दहा इंच रुंदीच्या आकाशांत काळा रंग दहा टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंतच चढवावयाचा आहे. एकंदर छटांपैकीं पंचमांशच, म्हणजे अवघ्या एकावन्न, कामास येतात. प्रत्येक पट्टा सुमारें पांच मिलिमीटर रुंद होतो आणि डोळ्यांस सरळ दिसतो. जितका रंगांतील फरक थोडा व जागा मोठी, तितका हा दोष उठून दिसतो. म्हणजे चित्रकाराला जेथें अगदीं नाजूक आकाश हवें असे, तेथेंच यंत्र त्याला दगा देई.

डोळाहि ह्यांत यंत्राचाच सोबती होतो. अर्न्स्ट माख ह्या शास्त्रज्ञानें १८६५ सालीं दाखवून दिलें होतें कीं डोळा उजेडाचें जितकें मोजमाप करतो त्यापेक्षां उजेडांतील फरकाचें अधिक करतो. दोन करडे पट्टे एकमेकांस भिडले कीं त्या सांध्यापाशीं गडदाची कडा अधिक गडद आणि फिक्याची अधिक फिकी भासते. ह्या भासामुळें सूक्ष्मशा पायरीलाहि रेघ फुटते. छापखान्यांतील जाणत्या लोकांनीं ह्यावर एक गांवठी वाटणारा पण अचूक उपाय केला : उतारांत मुद्दाम थोडी रवाळ भुरभुर मिसळावयाची. कडा अशा रीतीनें विस्कटली कीं डोळ्याला धरावयास रेघ सांपडत नाहीं. शिळाछापाच्या दगडावरचा रवा जें काम आपोआप करी, तें आतां गणितानें करावें लागे.

मूळ दुखण्यावरचा इलाज १९९७ सालीं आला, आणि त्याच्यामागें एक जुनी कथा आहे. वॉर्नॉक हे मूळचे यूटा विद्यापीठाचे. त्यांची डॉक्टरेट तेथील, १९६९ सालची. त्याच विद्यापीठांत आंरी गूरो नांवाचा फ्रेंच तरुण संगणकावर गोल वस्तूंवरील छाया काढण्याच्या प्रश्नामागें लागला होता. त्या वेळीं संगणकाला गोल वस्तु लहान लहान सपाट तुकड्यांनीं जोडूनच कळत असे आणि प्रत्येक तुकडा एकाच छटेंत रंगत असे; परिणामीं चेहरा पैलू पाडलेल्या खड्यासारखा दिसे. गूरोनें प्रत्येक तुकड्याच्या कोंपऱ्यांवरचा उजेड मोजला आणि मधला सारा उजेड त्या कोंपऱ्यांमध्यें हळूहळू वांटून दिला. प्रयोगासाठीं त्यानें आपल्या पत्नीच्या चेहऱ्यावर रेघांची जाळी आंखून तिचें मोजमाप घेतलें. १९७१ सालीं ती छटा पडद्यावर उमटली. आजहि संगणकशास्त्राच्या पुस्तकांत तो चेहरा भेटतो. इकडे एमआयटींत स्टीव्हन कून्स ह्यांनीं १९६७ सालींच चार वक्र कडांमध्यें मऊ पृष्ठभाग ताणून बसवण्याचें गणित मांडलें होतें.

१९९७ सालच्या पोस्टस्क्रिप्टच्या तिसऱ्या पायरीनें हे दोन्ही शोध आपल्या भाषेंत सामावून घेतले. तोंपर्यंत आज्ञावली आकाश पट्टे मोजून यंत्राकडे पाठवी. हा पट्टा, मग हा पट्टा, मग हा. आतां ती पट्टे न पाठवतां नियमच पाठवूं लागली : ह्या टोंकाला हा रंग, त्या टोंकाला तो, आणि मधें असा चढ. पायऱ्या किती पाडाव्या हें यंत्रानें आपल्या ताकदीप्रमाणें, अगदीं शेवटच्या क्षणीं ठरवावें. अशा उतारांच्या सात जाति त्या भाषेंत आहेत. त्यांतील दोहोंना गूरोचें व एकीला कून्सचें नांव आहे. यूटाच्या प्रयोगशाळेंतून निघालेली छाया सव्वीस वर्षांनीं तेथल्याच दुसऱ्या विद्यार्थ्यानें उभ्या केलेल्या कंपनीच्या छापखान्यांत पोंचली. लगेच १९९८ सालच्या इलस्ट्रेटरमध्यें 'मेश' आला. ह्यांत आकृतीवर एक वांकडीतिकडी जाळी पसरतात, आणि जाळीच्या प्रत्येक गांठीला स्वतःचा रंग देतां येतो. सगळे रंग एकमेकांत मिसळत जातात. आंबा अखेर एकाच आकृतींत गोल झाला.

सारें सुरळीत झालें असें मात्र नव्हे. इंटरनेटवरील पानांसाठीं व्हेक्टर चित्रांची जी सर्वमान्य पद्धति, एसव्हीजी, २००१ सालीं ठरली, तींत सरळ व वर्तुळाकार असे दोनच उतार आहेत. तिच्या दुसऱ्या आवृत्तींत मेश आणण्याचा प्रयत्न झाला. 'इंकस्केप' ह्या विनामूल्य आज्ञावलीनें २०१७ सालीं तें साधन आपल्याकडे घेतलेंहि. पण पानें दाखवणाऱ्या मोठ्या आज्ञावलींपैकीं कोणी तें अंगीकारलें नाहीं, आणि शेवटीं तें मसुद्यांतून काढून टाकण्यांत आलें. वेळ वांचवावयाचा झाला कीं पहिली काटछाट कशाची होते, हें वर एदोच्या छापखान्यांत दिसलेंच आहे.

आणखी एक कोडें मात्र पायऱ्या नाहींशा झाल्यावर अधिकच स्पष्ट झालें. निळ्यापासून पिवळ्यापर्यंत उतार काढण्यास आज्ञावलीला सांगावें. रंगपेटी हाताळलेल्या कोणत्याहि मुलाची खात्री असते कीं मधोमध हिरवा येणार. पडद्यावर मधोमध येते ती राख! ह्यांत आज्ञावलीची चूक नाहीं. पडद्यावरील प्रत्येक रंग तांबडा, हिरवा व निळा ह्या तीन प्रकाशांच्या अंकांनीं लिहितात. शुद्ध निळा म्हणजे शून्य, शून्य, २५५. शुद्ध पिवळा म्हणजे २५५, २५५, शून्य. ह्या दोहोंची सरासरी काढली तर तिन्ही अंक सारखे, सुमारें १२८ येतात, आणि तिन्ही सारखे म्हणजेच करडा. हेल्महोल्ट्झनें १८५२ सालीं ह्या गोष्टीची उकल केली होती. रंगाची भुकटी कांहीं प्रकाश गिळते व उरलेला परत पाठवते. निळ्या व पिवळ्या भुकट्या एकत्र केल्या कीं दोघींच्या तावडींतून सुटतो तो हिरवाच. प्रकाश प्रकाशांत मिसळतांना कोणी कांहीं गिळत नाहीं. तेथें बेरीज होते. मॅक्सवेलनेंहि रंगीत चकत्या भोंवऱ्यासारख्या फिरवून निळ्यापिवळ्यांतून हिरवा येत नाहीं हें पुढें दाखवून दिलें. चित्रकाराचा हात एक हिशेब करतो आणि पडदा दुसरा.

त्यांतहि पडद्याचा हिशेब सरळ नाहीं. १९९६ सालीं ह्युलेट-पॅकर्ड व मायक्रोसॉफ्ट ह्यांनीं रंगांच्या अंकांचा जो नियम ठरवला त्याप्रमाणें १२८ ह्या अंकाचा प्रकाश २५५ च्या निम्मा नसतो. जेमतेम बावीस टक्के असतो. डोळ्याला काळसर छटांतील फरक अधिक कळतात म्हणून हे अंक तसे वांटले आहेत, आणि एरव्हीं तें सोयीचेंहि आहे. पण तांबड्यांतून हिरव्यांत उतरतांना नुसत्या अंकांची सरासरी घेतली कीं मध्यें मळकट, शेवाळी पट्टा येतो. खऱ्या प्रकाशाची सरासरी घ्यावयाची तर तेथें १२८ ऐवजीं १८८ लिहावें लागतें, आणि मग तो पट्टा उजळून पिवळा होतो. शास्त्रज्ञांनीं १९७६ सालीं डोळ्याच्या अनुभवाप्रमाणें आंखलेली रंगांची मापपद्धति ठरविली. २०२० सालीं ब्यॉर्न ओत्तोसोन ह्यांनीं 'ओकेलॅब' नांवाची तिची सुधारलेली बहीण प्रसिद्ध केली, आणि इंटरनेटवरील पानांच्या रंगनियमांत तिला जागा मिळाली. तिच्या मार्गानें गेलेले उतार पुष्कळच एकसारखे चढतात. तरी निळ्यापिवळ्याच्या मध्यें ज्याला कोंवळा हिरवा हवा आहे त्याचें काम कोणतीहि सरासरी नेमकें करीत नाहीं; कारण दोन रंगांमधून जाणारा रस्ता एकच नसतो, आणि गणित त्यांतला जवळचा तेवढा धरतें.

म्हणून मुरलेला चित्रकार दोन रंग देऊन थांबत नाहीं. उताराच्या पट्टीवर, दोहोंच्या मधोमध, तो आपल्या हातानें हिरव्याची एक तिसरी खूण ठेवतो, ती थोडी डावीकडे सरकवतो, पाहतो, आणि पुन्हा थोडी उजवीकडे आणतो.